सिनेमाचे तिकीट आणि घराचा हिशेब

ईद होऊन दोन दिवस झाले की पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. मुलांच्या खिशात ईदी असते, शाळेला सुट्टी असते आणि दस्तरखानावर बसल्या बसल्या कुणीतरी म्हणते, “अब्बा, सगळे मिळून सिनेमाला जाऊ या ना.” अब्बांचे उत्तर ठरलेले असते, “परवडत नाही.” विषय तिथेच संपतो. मुले हिरमुसतात, अम्मी भांडी उचलायला लागते आणि संध्याकाळी सगळे आपापला मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यात बसतात.

‘परवडत नाही’ हे उत्तर खरे आहे की नुसती सवय झाली आहे, हे आम्ही या महिन्यात तपासून पाहायचे ठरवले. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या समजुतीप्रमाणे सोडवावा. काही घरांत सिनेमा पाहिलाच जात नाही. त्या घरांबद्दल आम्हाला आदर आहे आणि त्यांचा निर्णय बदलावा असा आमचा हेतू नाही. पण ज्या घरांत टीव्हीवर आणि मोबाइलवर सिनेमे रोज पाहिले जातात, त्या घरांनी थिएटरचा खर्च नीट मोजून पाहायला हरकत नाही. कुरआनने खर्चाच्या बाबतीत मधला मार्ग सांगितला आहे. इस्राफ नको आणि हात आखडून बसणेही नको. हा मधला मार्ग सापडायचा तर आधी कागद-पेन घेऊन बसावे लागते.

बेटेगावातून निघायचे म्हणजे

उदाहरणासाठी आम्ही पालघर जिल्ह्यातले बेटेगाव घेतले. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथे इमारती उभ्या राहिल्या आणि कारखान्यांत, दुकानांत, रिक्षावर, वेल्डिंगच्या कामावर पोट असलेली कितीतरी कुटुंबे राहायला आली. बुलेट ट्रेनचे बोईसर स्टेशनही याच परिसरात होत आहे. पण आज घरातून निघून सिनेमाला जायचे तर बुलेट ट्रेन उपयोगाची नाही. आधी रिक्षा, मग स्टेशन, मग लोकल.

बोईसर-पालघरकडे हवा तो सिनेमा हव्या वेळी लागलेला असेलच असे नाही. मग विरार-वसईची वाट धरावी लागते. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, त्यामुळे हा प्रवास पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तिकीटही स्वस्त आहे. अडचण वेळेची आहे. विरारच्या पुढे लोकल कमी आहेत. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ फलाटावर बसावे लागते. रात्रीचा शो सुटल्यावर मुलांना घेऊन गाडी गाठणे, बोईसरला उतरल्यावर रात्रीची रिक्षा मिळवणे आणि तिचे वाढीव भाडे देणे, हे सगळे सिनेमाच्या खर्चातच धरले पाहिजे. तिकिटावर छापलेली किंमत हा खर्चाचा फक्त एक भाग असतो.

आता हिशेब मांडू. नवरा-बायको, दोन मुले आणि दादी, असे पाच जणांचे घर धरू. देशातली सर्वांत मोठी मल्टिप्लेक्स कंपनी पीव्हीआर आयनॉक्स. तिच्याकडे २०२३-२४ या वर्षात एका तिकिटाची सरासरी किंमत सुमारे २५९ रुपये होती आणि एक प्रेक्षक खाण्यापिण्यावर सरासरी सुमारे १३२ रुपये खर्च करत होता. ही सरासरी सगळ्या देशाची आहे. आपल्या जवळच्या थिएटरचा दर कमी-जास्त असेल, तो वाचकांनी स्वतः घालून पाहावा. या सरासरीने पाच तिकिटांचे १,२९५ रुपये होतात. खाण्याचे ६६० रुपये. जाऊन-येऊन रिक्षा आणि रेल्वेचे तीनशे रुपये धरले तर एकूण खर्च २,२५५ रुपये. ज्या घरात दिवसाला सहाशे रुपये येतात, त्या घराची ही जवळजवळ चार दिवसांची कमाई झाली. चार दिवस भट्टीपुढे किंवा मशीनपुढे उभे राहायचे आणि ते तीन तासांत संपवायचे. अब्बांचे ‘परवडत नाही’ हे उत्तर उगाच आलेले नाही.

तिकीट इतके महाग का झाले?

एके काळी सिनेमा हे गरिबाचे हक्काचे मनोरंजन होते. जत्रेत तंबू थिएटर यायचे आणि लोक जमिनीवर बसून सिनेमा पाहायचे. मुंबईत पिला हाऊसच्या परिसरात आल्फ्रेड, गुलशन, रॉयल, निशात अशी थिएटरे होती. गोदीत आणि गिरणीत राबणारा माणूस तिथे दिवसभराचा शीण घालवायला जाई. एकाच थिएटरात स्टॉल आणि बाल्कनी असे वेगवेगळे दर असत. शेठ वर बसे, हमाल खाली बसे, पण पडदा दोघांचा एकच असे.

१९९७ मध्ये दिल्लीत पीव्हीआरचे पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात सवलत देणारे धोरण आणले. त्यानंतर मॉल आणि मल्टिप्लेक्स यांची जोडी जमली. एकपडदा थिएटरे एकामागून एक बंद झाली आणि त्यांच्याबरोबर स्वस्त स्टॉलही गेले. खुर्ची मऊ झाली, हवा गार झाली, आवाज चांगला झाला. पण कमी पैशांत खाली बसून पाहण्याची सोय राहिली नाही.

याला अपवाद अजून आहे. मुंबई सेंट्रल स्टेशनसमोरच्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ १९९५ मध्ये लागला आणि पुढे वर्षानुवर्षे दिवसाच्या एका खेळात स्वस्त तिकिटात चालत राहिला. गाडीची वाट पाहणारे प्रवासी, कामगार, नवे जोडपे, सगळे तिथे जाऊन बसत. दर खिशाला झेपणारा असला की लोक येतात, हे त्या एका खेळाने दाखवून दिले.

तिकिटात सरकारचा वाटा किती असतो, हेही माहीत असावे. पूर्वी मुंबईत ४५ टक्क्यांपर्यंत करमणूक शुल्क होते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर २८ टक्के कर होता. १ जानेवारी २०१९ पासून हे दर १२ आणि १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर फक्त ५ टक्के कर आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के कायम आहे. म्हणजे २५० रुपयांच्या तिकिटात सुमारे ३८ रुपये कराचे असतात. एखादा सिनेमा राज्य सरकारने ‘टॅक्स फ्री’ केला तरी सुटतो तो राज्याच्या वाट्याचा अर्धा कर. जाहिरात पाहून तिकीट फार स्वस्त होईल, अशी आशा धरू नये.

दर कमी झाल्यावर काय होते, याचा अनुभव मल्टिप्लेक्सवाल्यांनी स्वतःच घेतला आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय सिनेमा दिनाच्या निमित्ताने देशभर ७५ रुपयांत तिकीट ठेवले गेले. त्या एका दिवशी ६५ लाखांहून अधिक लोक थिएटरात आले, असे मल्टिप्लेक्स संघटनेनेच सांगितले. पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही एकेक दिवस ९९ रुपयांचे तिकीट ठेवण्यात आले. लोकांना थिएटर नको आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. लोकांना थिएटर हवे आहे, दर झेपत नाही.

पॉपकॉर्न तिकिटाएवढे महाग का?

थिएटरात गेलेल्या प्रत्येक आईला हा प्रश्न पडतो. घरी वीस रुपयांच्या मक्यात पातेलेभर लाह्या होतात आणि इथे एका डब्याला तीनशे रुपये कसे?

याचे उत्तर धंद्याच्या रचनेत आहे. तिकिटाचे पैसे थिएटरवाल्याला पूर्ण मिळत नाहीत. २००९ मध्ये हिंदी सिनेमाचे निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला. एप्रिल ते जून असे दोन महिने मोठे सिनेमे मल्टिप्लेक्सात लागलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली आणि निर्माता-वितरकाचा वाटा ठरला. पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. सिनेमा नवा असताना निम्मे पैसे बाहेर जातात. पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकच्या पैशात मात्र निर्मात्याचा वाटा नसतो. म्हणून थिएटरवाला तिकिटापेक्षा काउंटरवर जास्त लक्ष ठेवतो. मध्यंतर लांबते, वेफर्सचा वास दारापर्यंत येतो, लहान डब्यापेक्षा मोठा डबा ‘फक्त पन्नास रुपये जास्त’ असा सांगितला जातो. हे सगळे ठरवून केलेले असते.

हे एकदा कळले की आईवडिलांचे अर्धे काम सोपे होते. सिनेमा पाहण्यासाठी खाणे आवश्यक नाही. घरून पोटभर जेवून निघावे आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे, “मध्यंतरात एक डबा घेऊ, सगळे वाटून खाऊ.” रांगेत उभे राहिल्यावर मुलाला ‘नाही’ म्हणणे कठीण असते, घरी सांगितलेले मूल ऐकते. वरच्या हिशेबात खाण्याचे ६६० रुपये आहेत, म्हणजे दोन पूर्ण तिकिटांहून जास्त. मोठी बचत तिथे आहे.

कायदा काय सांगतो?

बाहेरचे खाणे आत नेता येते का, यावर महाराष्ट्रात बराच वाद झाला. जुलै २०१८ मध्ये तत्कालीन राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी विधिमंडळात बाहेरच्या खाण्याला बंदी नसल्याचे सांगितले तेव्हा लोकांना आनंद झाला. पण ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल दिला. थिएटर ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे खाणे आणू न देण्याचा मालकाला अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे डब्यातली बिर्याणी दाराशी अडवली गेली तर भांडून उपयोग नाही.

पण त्याच प्रकरणात दोन गोष्टी प्रेक्षकांच्या बाजूच्या आहेत आणि त्या प्रत्येक आईला माहीत असाव्यात. थिएटरने पिण्याचे स्वच्छ पाणी फुकट दिले पाहिजे. आणि तान्ह्या बाळासाठी आईवडिलांनी आणलेले योग्य प्रमाणातले खाणे अडवता येत नाही. म्हणजे बाळाची दुधाची बाटली किंवा खिमटाचा डबा कुणी काढून घेत असेल, तर शांतपणे व्यवस्थापकाला बोलवावे. पाण्यासाठी पन्नास-साठ रुपयांची बाटली घेण्याआधी फुकट पाणी कुठे आहे, ते विचारावे. विचारायला लाजू नये. तो आपला हक्क आहे.

मोबाइलवरून तिकीट काढताना प्रत्येक तिकिटामागे ‘सुविधा शुल्क’ लागते. ते घेऊ नये असे आदेश राज्य सरकारने पूर्वी काढले होते, पण जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. म्हणून हे शुल्क बेकायदा नाही. मात्र खिडकीवर जाऊन तिकीट काढले तर ते वाचते. पाच तिकिटांवर हे पैसे बरेच होतात. दुपारच्या, कमी गर्दीच्या खेळाला खिडकीवर तिकीट सहज मिळते.

बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले किंवा बिल दिले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल जपून ठेवावे. बिलाशिवाय तक्रार टिकत नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. सिनेमाचे प्रमाणपत्र. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालील मुलाला आत सोडत नाहीत आणि दारातून परत यावे लागले तर सगळी तिकिटे वाया जातात. २०२३ च्या कायदेदुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्रातही ७ वर्षांपुढे, १३ वर्षांपुढे आणि १६ वर्षांपुढे असे गट झाले आहेत. दहा वर्षांच्या मुलीबरोबर काय पाहावे, हे ठरवायला याचा उपयोग होतो. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांवरील मुलाला पूर्ण तिकीट लागते, हेही आधी विचारून घ्यावे.

‘परवडत नाही’ हे कुणाला सांगितले जाते?

इथपर्यंत पैशांचे झाले. आता पैशांच्या आडून जे बोलले जाते, त्याबद्दल थोडे बोलू.

आम्ही पुष्कळ घरांत पाहतो की सिनेमाचा खर्च घरातल्या सगळ्यांना सारखा नाकारला जात नाही. कारखान्यात किंवा दुकानात कामाला लागलेला थोरला मुलगा महिन्यातून एकदा मित्रांबरोबर सिनेमाला जातो. त्याला कुणी विचारत नाही. “कमावता आहे, जाऊ दे,” असे म्हणतात. तो जातो याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याचाच हिशेब करून पाहू. तिकीट आणि खाणे मिळून एका खेपेला ३९१ रुपये. वर्षाच्या बारा खेपांचे ४,६९२ रुपये. प्रवास धरला तर पाच हजारांच्या पुढे. आणि पाच जणांचे सगळे कुटुंब वर्षातून दोनदा गेले तर सगळ्या खर्चासह ४,५१० रुपये लागतात.

म्हणजे ज्या घरात ‘परवडत नाही’ म्हटले जाते, त्याच घरातून तेवढेच पैसे थिएटरात जात आहेत. ते एकट्याने जात आहेत, एवढाच फरक. अम्मी, आपा आणि दादी यांच्यावर मात्र वर्षभरात एक रुपयाही खर्च होत नाही. अम्मीने विचारले तर तिला गॅस, फी आणि किराणा यांची यादी ऐकवली जाते. ही यादी अम्मीला तोंडपाठ असते. घर तीच चालवते. म्हणून ती पुन्हा विचारत नाही. लग्न झाल्यापासून एकदाही थिएटरात न गेलेल्या कितीतरी बायका आपल्या ओळखीत असतील. त्यांना विचारले तर त्या हसून म्हणतात, “आता काय राहिलंय त्यात?” हे हसणे समाधानाचे आहे की मन मारून आलेले आहे, हे घरातल्या पुरुषांनी एकदा नीट पाहावे.

आपल्या समाजातल्या स्त्रिया थिएटरात जातच नव्हत्या, असेही नाही. ‘चौदहवीं का चाँद’ १९६० चा, ‘मेरे महबूब’ १९६३ चा, ‘पाकीज़ा’ १९७२ चा. हे सिनेमे लागले तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका बुरखे घालून, मुलाबाळांना घेऊन घोळक्याने जात. आज सत्तरी ओलांडलेल्या दादी-नानींना विचारा, कुठल्या खेळाला कोण कोण होते, हेसुद्धा त्या सांगतील. सिनेमाची गोष्ट विसरली असेल, पण बरोबर कोण होते ते आठवते. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ हा मराठी सिनेमा लागला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हेच पुन्हा पाहिले. सहा बहिणींच्या त्या गोष्टीला शेजारणी, नणंदा-भावजया, भिशीच्या मैत्रिणी अशा टोळ्यांनी बायका आल्या. त्यांतल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षांनी थिएटरची पायरी चढल्या होत्या. त्या तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, हे त्यांना विचारायची गरज नाही.

मोबाइल आहे की!

यावर कुणी म्हणेल, थोडे थांबले तर तोच सिनेमा मोबाइलवर येतो, मग जायचे कशाला? मुद्दा बरोबर आहे. मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्यांच्या आग्रहामुळे हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो. दोन महिने धीर धरला तर दोन हजार रुपये वाचतात. साधी प्रेमकथा, विनोदी सिनेमा, मारधाडीचा सिनेमा यांसाठी थांबणेच शहाणपणाचे आहे.

पण घरात पाच माणसे आणि चार मोबाइल असतील तर सिनेमा ‘घरी’ पाहिला जात नाही. तो चार ठिकाणी पाहिला जातो. एकाच छताखाली राहणारी माणसे तीन तास एकाच दिशेला तोंड करून बसलेली आपण शेवटची कधी पाहिली? थिएटरात फोन बंद असतो, दाराची घंटी वाजत नाही, अम्मीला मध्येच चहा करायला उठावे लागत नाही. आमच्या मते थिएटरच्या तिकिटात घेण्यासारखी वस्तू हीच आहे. मोठा पडदा आणि मोठा आवाज त्यानंतर येतात. म्हणून मित्रांच्या टोळक्यासाठी जे तिकीट महाग आहे, तेच सगळ्या कुटुंबासाठी कधीतरी रास्त ठरू शकते. उलट सगळे बरोबर गेले आणि प्रत्येकजण मध्यंतरभर फोन चाळत बसला, तर शंभर रुपयांचे तिकीटही महागच.

तेच पैसे खर्चून एकत्र बसण्याची दुसरी ठिकाणेही आहेत, हे विसरू नये. बेटेगावकरांना चिंचणीचा आणि केळव्याचा समुद्रकिनारा जवळ आहे. घरून डबा नेता येतो, तिथे कुणी अडवत नाही. दादीला सिनेमाचा मोठा आवाज सोसत नसेल, तान्हे बाळ असेल किंवा घरात सिनेमाबद्दल मतभेद असतील, तर किनाराच उत्तम. प्रश्न मुळात सिनेमाचा नाही. महिन्या-दोन महिन्यांत एक दिवस सगळ्यांनी बरोबर घालवायचा की नाही, हा आहे.

जायचेच तर कसे जावे?

आमचे सांगणे थोडक्यात असे.

पहिल्या आठवड्यात जाऊ नये. ईदला मोठे सिनेमे लागतात आणि त्याच दिवसांत दर सर्वांत चढे असतात. आठ-दहा दिवसांनी तोच पडदा, तोच सिनेमा, पण दर उतरलेला असतो. तोवर सिनेमा खरेच चांगला आहे की नुसता गाजावाजा आहे, हेही कळते.

सकाळचा खेळ निवडावा. बहुतेक ठिकाणी तो सर्वांत स्वस्त असतो. दहाच्या सुमाराचा खेळ एकच्या आत सुटतो, म्हणजे जोहरची नमाज वेळेत होते. संध्याकाळच्या खेळात, विशेषतः हिवाळ्यात, असर आणि मगरिब दोन्ही मध्ये येतात. सकाळी गेले तर परतीची लोकल दिवसाउजेडी मिळते, रिक्षाला रात्रीचे भाडे लागत नाही आणि बायका-मुलींना निर्धास्त वाटते. शुक्रवारी नवा सिनेमा लागतो, पण शुक्रवार जुम्याचा. तो दिवस सोडावा.

हे पाळले तर मघाचा हिशेब बदलतो. सकाळच्या खेळाचे तिकीट १३० रुपये धरले तर पाच जणांचे ६५० रुपये. एक डबा पॉपकॉर्न सगळ्यांत मिळून, ३०० रुपये. पाणी फुकट. प्रवास ३०० रुपये. एकूण १,२५० रुपये. मघाच्या २,२५५ रुपयांतले हजार रुपये इथेच वाचले. घरात महिन्याला शंभराहून थोडे जास्त रुपये बाजूला टाकले तर वर्षभरात असा एक दिवस जमतो. मुलांनी ईदीतले थोडे घातले तर ते आणखी सोपे होईल. स्वतःचे पैसे घातलेले मूल पॉपकॉर्नचा दुसरा डबा मागत नाही, हा वेगळा फायदा.

उधार घेऊन मात्र अजिबात जाऊ नये. ‘आता घ्या, नंतर भरा’ अशा सोयी मोबाइलवर पुष्कळ झाल्या आहेत. औषधासाठी उसने घ्यावे लागले तर गोष्ट वेगळी. मनोरंजनाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेला माणूस पुढचा महिनाभर घरात चिडलेला असतो. शाळेची फी थकली असेल, भाडे द्यायचे असेल, कुणाकडून घेतलेले परत करायचे असेल, तर आधी ते. अशा वेळी ‘परवडत नाही’ हे उत्तर योग्यच आहे आणि मुलांना ते कारणासह सांगावे. कारण सांगितले की मुले समजून घेतात. नुसते ‘नाही’ ऐकले की त्यांना वाटते आपल्या मागण्याला किंमत नाही.

आणि कुठला सिनेमा पाहायचा, हे एकदा तरी अम्मीला ठरवू द्यावे. घरातला खर्च तिच्या हातून होतो, बचत तिच्या डब्यातून निघते, पण निवड विचारायची वेळ आली की तिला कुणी विचारत नाही. तिने सिनेमा निवडला तर सिनेमा, तिने केळव्याचा किनारा निवडला तर किनारा. तिने “मला एक दिवस स्वयंपाकाला सुट्टी द्या आणि सगळे घरीच बसा” असे सांगितले, तर तेही ऐकावे. त्याला तर तिकीटही लागत नाही.

या महिन्यात आपल्या घरात हा हिशेब एकदा मांडून पाहा. गेल्या वर्षभरात बाहेरच्या करमणुकीवर कुणी किती खर्च केला, हे कागदावर लिहा. नावे आणि आकडे समोरासमोर ठेवा. ज्याच्या नावापुढे शून्य आहे, पुढची पाळी त्याची किंवा तिची.